वोबर्नची कुंपणं

मिल्टन कीन्सला आलेल्या पाहुण्यांना दाखवायचं काय, हा माझ्या भाचीचा दर उन्हाळ्यातला प्रश्न. १९६७ साली ठरवून वसवायला घेतलेलं हे शहर. रस्ते पट्टीनं ओढल्यासारखे, पुढे गेलं की राउंडअबाउट, त्याच्या पुढे आणखी एक. प्रसिद्ध काय, तर १९७८ मध्ये एका शिल्पकार बाईंनी केलेल्या सिमेंटच्या गाई. आईला त्या दाखवल्या. ती म्हणाली, "एवढ्या लांब येऊन गाई बघायच्या, त्याही सिमेंटच्या!"

दुसऱ्या दिवशी भाचीनं गाडी वोबर्नकडे घेतली. मोटारवे ओलांडला की थोड्याच वेळात बेडफर्डशरमधली ही सफारी येते. तिकीट काढायचं आणि आपलीच गाडी घेऊन जनावरांत शिरायचं. कापडी टपाची गाडी चालत नाही. काचा बंद. गाडी बंद पडली तर उतरायचं नाही, हॉर्न वाजवून रेंजरची वाट बघायची. वाघ-सिंहांच्या भागात दुहेरी फाटक असतं. पहिलं मागे बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही, त्यामुळे मधल्या जागेत क्षणभर आपणच कोंडल्यासारखे होतो. "आजी, काच खाली नको घेऊस," भाचीनं तिसऱ्यांदा बजावलं.

बोरिवलीच्या सफारीत माणसं जाळी लावलेल्या बसमध्ये बसतात. ताडोबात उघडी जिप्सी असते, आणि परतणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतात, "सायटिंग झालं का?" वोबर्नला तो प्रश्नच नाही. वाघ आहेच. सायबेरियाकडचा, अमूर जातीचा, आपल्या वाघापेक्षा फिकट आणि जास्त केसाळ. मला खरं सांगायचं तर हे बुफेसारखं वाटलं: सगळं मांडलेलं, भूक लागायच्या आतच. गेंड्यानं मात्र माझं मत थोडं हलवलं. तो रस्त्यात येऊन उभा राहिला आणि मागे गाड्यांची रांग लागली. नाव पांढरा गेंडा, रंग वाळलेल्या चिखलाचा. ओठ रुंद, सपाट, फावड्यासारखा. त्या ओठानं कडेचं गवत तो कर्रकर्र कापत चालला होता. कान दोन वेगळ्या दिशांना फिरत होते. हॉर्न वाजवायची कुणाचीच छाती झाली नाही. आईनं काचेला नाक लावलं आणि म्हणाली, "पापण्या बघ रे त्याच्या."

ही सगळी कल्पना जिमी चिपरफील्ड या सर्कसवाल्याची. सर्कशीत जनावर पिंजऱ्यात आणि माणूस मोकळा. यानं उलटं केलं. १९६६ मध्ये लाँगलीटच्या उमरावाबरोबर त्यानं सिंहांची पहिली बाग उघडली. आफ्रिकेबाहेरची पहिली, असं म्हणतात. वोबर्नच्या हवेलीचा मालक असलेल्या ड्यूकला अशा कल्पना हव्याच होत्या. हा तेरावा ड्यूक दक्षिण आफ्रिकेत फळबाग करत होता. १९५३ मध्ये वडील गेले आणि हवेलीबरोबर वारसाकराचा डोंगर अंगावर आला. इस्टेट विकण्याऐवजी त्यानं १९५५ मध्ये हवेली लोकांना तिकीट लावून खुली केली. (दुपारच्या चहाची इंग्रजी पद्धत याच घरातल्या एका डचेसनं पाडली म्हणतात; म्हणजे पाहुण्यांना काय द्यायचं ते या घराला आधीपासूनच ठाऊक.) १९७० मध्ये चिपरफील्डच्या मदतीनं सफारी सुरू झाली. कर भरायला सिंह कामाला आले.

पण या घराला जनावरांचं वेड त्याआधीचं आहे, आणि वोबर्नची खरी गोष्ट सफारीत नाही, हवेलीभोवतीच्या हरणांच्या रानात आहे. १८६५ मध्ये आर्मां डेव्हिड नावाच्या फ्रेंच पाद्र्यानं पेकिंगजवळ बादशाही शिकारबागेच्या भिंतीवरून डोकावून एक अनोळखी हरीण पाहिलं. चिनी लोक त्याला 'चारांपैकी एकही नाही' अशा अर्थाच्या नावानं ओळखत: खूर गाईचे पण गाय नव्हे, तोंड घोड्याचं पण घोडा नव्हे, शेपूट गाढवाची, शिंगं सांबराची, पण तेही नव्हे. काही हरणं युरोपात गेली. १८९५ च्या पुरात बागेची भिंत फुटली, बरीच हरणं भुकेल्या लोकांच्या पोटात गेली. उरलेली १९०० च्या बॉक्सर बंडाच्या धामधुमीत संपली. अकराव्या ड्यूकनं युरोपभरच्या प्राणिसंग्रहालयांतून १८ हरणं वोबर्नला गोळा केली. आज जगात या जातीचं जे हरीण आहे, ते त्यांच्याच वंशातलं. १९८५ मध्ये त्याच्या पणतूनं २० हरणं बीजिंगला, त्याच जुन्या शिकारबागेच्या जागी, परत पाठवली.

म्हणजे एका श्रीमंत माणसाच्या छंदानं एक जात वाचली. हे मान्य करताना मला थोडं जड जातं, पण दुसरा काही हिशेब लागत नाही. उलटा हिशेबही आहे. २ जानेवारी २०१८ च्या पहाटे सफारीतल्या माकडांच्या घराला आग लागली आणि १३ पाटस माकडं गेली. बंद घरातून पळणार कुठे?

अकराव्या ड्यूकनं आणखी एक प्राणी आणला होता, भेकर. आपलं हिंदुस्थानी भेकर आधी, मग चिनी. आपलं तिथं रुजलं नाही. चिनी मात्र कुंपणाबाहेर गेलं, काही आपण होऊन निसटलं, काही मुद्दाम सोडलं गेलं, आणि आज दक्षिण इंग्लंडची जंगलं, झुडपं, परसबागा त्यानं व्यापल्या आहेत. वनखात्याची माणसं त्याच्या नावानं कपाळाला हात लावतात, कारण ते कोवळे फुटवे शिल्लक ठेवत नाही.

भाचीच्या घरामागे कालव्याकडे उतरणारी झाडी आहे. त्या रात्री जेवणं उरकून आम्ही बसलो होतो, तेवढ्यात बाहेरून भुंकण्याचा आवाज आला. एक, मग थांबून एक. जावई म्हणाला, शेजारचा कुत्रा असेल. आई उठून मागच्या दाराशी गेली. तिचं बालपण पाटणजवळ, कोयनेच्या खोऱ्यात गेलेलं.

"कुत्रा कसला," ती अंधाराकडे बघत म्हणाली. "भेकर आहे ते. लाइट घालव, आणखी जवळ येईल."

सकाळी गुलाबाच्या कुंडीत नुसते काटे होते.