भिंतीवरची सदाहरित वेल : नर्सरीवाल्यांसाठी चांगला जोडधंदा

बंगल्यांच्या व सोसायट्यांच्या कंपाउंडच्या भिंती वेलीने झाकण्याची हौस शहरांत दिसते. गिऱ्हाईक नर्सरीत येऊन ‘आयव्ही’ मागते. खरी आयव्ही म्हणजे हेडेरा, ही युरोपातली वेल. थंड हवेत ती उत्तम वाढते. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या झळांत उघड्या भिंतीवर मान टाकते. आपल्या हवेला मानवते ती फायकस पुमिला, जुने नाव फायकस रेपेन्स. ही मूळची चीन-जपानकडची, वड-उंबराच्या कुळातली. बाराही महिने हिरवी. म्हणून नाव नीट सांगूनच रोप विकावे.

आमचे बागवान बांधव व होतकरू तरुण थोड्या भांडवलात हे काम करू शकतात. पावसाळ्यात चार ते सहा इंचांचे फाटे कापून वाळू व शेणखत मिसळलेल्या मातीच्या पिशवीत लावावेत. पिशव्या सावलीत, ओलसर ठेवाव्यात. फाटे मात्र भिंतीला चिकटलेल्या, बारीक पानांच्या फांद्यांचेच घ्यावेत. मोठ्या, जाड पानांच्या फांद्या फळ धरणाऱ्या असतात. त्यांची रोपे भिंतीला धरत नाहीत. घाईत असे फाटे लावले तर सगळा माल वाया जातो.

रोपे भिंतीपासून अर्ध्या फुटावर, दोन-तीन फुटांच्या अंतराने लावावीत. पहिले वर्ष वाढ मंद असते. तोवर पाणी चुकवू नये. मुळ्यांतून चिकट रस सुटतो व वेल स्वतःच भिंत धरते. तारांची गरज नाही. या मुळ्यांचे वर्णन डार्विननेही वेलींवरील ग्रंथात केले आहे. विटा, दगड किंवा खरबरीत गिलावा तिला मानवतो.

आता ऐब. भिंतीला तडा असेल तर मुळ्या त्यात शिरून तो वाढवतात. म्हणून आधी गवंड्याकडून तडे बुजवून घ्यावेत. वेल काढली तर मुळ्यांचे डाग राहतात, रंग उखडतो. वर्षातून दोनदा छाटणी लागते. न केल्यास फांद्या जाड होऊन भिंतीवर बोजा पडतो. चीक अंगाला लागला तर खाज सुटू शकते, हातमोजे घालावेत. शेजाऱ्याच्या बाजूला वेल जाऊ देऊ नये. शेजाऱ्याचा हक्क आपल्याला ठाऊक आहेच.

हे सारे सांगितल्यास गिऱ्हाईक बिचकेल, असे काहींना वाटते. आमचे मत उलट आहे. ऐब लपवून विकलेले रोप एकदाच पैसे देते. ऐब सांगून विकले की त्याच घरातून गवंड्याला डागडुजीचे व माळ्याला दरवर्षी छाटणीचे काम मिळते. तीन घरांची हलाल रोजी एका वेलीवर चालते. मालाचा दोष झाकू नये ही आपली दीनी शिकवण आहे, आणि धंद्याची बरकतही त्यातच आहे.