‘पाठिंबा नाही’ म्हणजे ‘प्रवेश नाही’ नव्हे!

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 च्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या थांबविल्या. विंडोज 11 घ्यावे, तर त्यासाठी टीपीएम 2.0 नावाच्या सुरक्षा-व्यवस्थेची अट आहे आणि ती असंख्य जुन्या संगणकांत नाही. म्हणजे यंत्र धडधाकट असले तरी ते भंगारात काढा! ज्यांना दर चार वर्षांनी नवा संगणक परवडतो, त्यांचे ठीक आहे. पण विहारातील वाचनालयाने, वस्तीतल्या अभ्यासिकेने आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरणाऱ्या मुलामुलींनी काय करायचे?

लिनक्स हा त्यावरचा मार्ग आहे. तो फुकट मिळतो आणि जुन्या यंत्रावरही चालतो. परंतु येथे आपल्या तरुणांची पहिली ठेच ठरलेली असते. संगणक सुरू होतो, पण अर्ज, ठराव, जमाखर्च लिहायला ऑफिस लागते. मायक्रोसॉफ्टने आपले ऑफिस लिनक्ससाठी कधी काढलेच नाही. लिब्रेऑफिस घ्यावे, तर संकेतस्थळावर लिनक्ससाठी मुख्यतः दोनच गाठोडी दिसतात. ‘आरपीएम’ हे रेड हॅटच्या घराण्याचे आणि ‘डेब’ हे डेबियनच्या घराण्याचे. आपल्या यंत्रावर असते स्लॅकवेअरसारखे तिसरेच वाण. त्याचे नाव यादीत नसते. तरुण समजतो, आपल्याला येथे प्रवेश नाही. आणि संगणकावर पुन्हा चादर पडते.

आमचे म्हणणे असे की, येथेच थांबून विचार केला पाहिजे. ‘पाठिंबा नाही’ याचा अर्थ एवढाच की, त्या वाणासाठी बांधून देण्याची जबाबदारी कोणी घेतलेली नाही. बांधलेले सोडून पाहायला मनाई कोणी केली? डेब म्हणजे तरी काय? एका गाठोड्यात दोन पुड्या. एकीत माहिती, दुसरीत प्रत्यक्ष फायली. आरपीएमचीही तीच तऱ्हा. स्लॅकवेअरमध्ये आरपीएमचे आपल्या पद्धतीचे पॅकेज करणारी ‘आरपीएमटूटीजीझेड’ ही आज्ञा असते. नंतर ‘इन्स्टॉलपीकेजी’ने ते बसवायचे. लिब्रेऑफिस स्वतःच्या बहुतेक फायली ‘ऑप्ट’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवते, त्यामुळे मूळ प्रणालीशी त्याची भांडणे कमी होतात.

हेही जड वाटत असेल, तर ‘अॅपइमेज’ आहे. एकच फाईल उतरवून घ्यायची, तिला चालविण्याची परवानगी द्यायची आणि उघडायची. ‘फ्लॅटपॅक’ हा आणखी एक मार्ग. पण तो सोबत बराच पसारा आणतो, तेव्हा डिस्कवर जागा किती आहे ते आधी पाहावे.

दोन अडचणी मात्र खऱ्या आहेत. पहिली, यंत्र 32 बिटचे की 64 बिटचे? ‘यूनेम -एम’ ही आज्ञा दिली की उत्तर मिळते. लिब्रेऑफिसने 2019 पासून लिनक्ससाठी 32 बिटची तयार गाठोडी देणे बंद केले आहे, त्यामुळे अशा यंत्रावर नवे गाठोडे कितीही खटपट केली तरी चालणार नाही. तेथे 2023 च्या डेबियन 12 सारखे 32 बिटचे वाण घालून त्याच्याच भांडारातले लिब्रेऑफिस बसवावे. दुसरी अडचण ‘जीलिबसी’ या पायाभूत लायब्ररीची. प्रणालीतली जुनी आणि ऑफिसला हवी असलेली नवी, असे झाले की ते उघडत नाही. अशा वेळी जीलिबसी जबरदस्तीने बदलू नये. पाया उखडला की घरच कोसळते. त्याऐवजी लिब्रेऑफिसच्या संग्रहात जुन्या आवृत्त्या ठेवलेल्या आहेत, त्यातली जुळणारी घ्यावी. तिला नव्या सुरक्षा-दुरुस्त्या मिळत नाहीत, म्हणून अनोळखी माणसाकडून आलेली फाईल तिच्यात उघडू नये.

आणि मराठीचे काय? अक्षरांऐवजी चौकटी दिसल्या तर घाबरू नये. देवनागरीचा युनिकोड फॉन्ट, उदाहरणार्थ लोहित किंवा नोटो, बसविला की चौकटी जातात. लिब्रेऑफिसच्या सूचनाफलकासाठी मराठी भाषेचे पॅकेजही वेगळे मिळते.

हे सारे का शक्य होते, याचे उत्तर तंत्रात नाही, हक्कात आहे. लिब्रेऑफिसचे मूळ घराणे ओपनऑफिस. 2010 मध्ये ओरॅकल कंपनीने सन ही कंपनी विकत घेतली आणि ओपनऑफिस नव्या मालकाच्या हाती गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात स्वयंसेवकांनी द डॉक्युमेंट फाउंडेशन स्थापन केले आणि तोच स्रोत घेऊन लिब्रेऑफिस उभे केले. मालक त्यांना अडवू शकला नाही, कारण स्रोत वापरण्याचा, बदलण्याचा, वाटण्याचा हक्क परवान्यात लिहिलेला होता. हक्क कोणाच्या मेहेरबानीवर नसावा, तो लिखित असावा, हे बाबासाहेबांच्या अनुयायांना आम्ही नव्याने काय सांगावे? बंद सॉफ्टवेअरमध्ये असा हक्क नसतो. तेथे मालकाने ‘नाही’ म्हटले की विषय संपला.

पण लिहिलेला हक्क वापरणारा माणूसच नसेल, तर तो कागदावरच राहतो. आमच्या वस्त्यांत संगणक देणगी देणारे भेटतात, हार-तुरे घालून उद्घाटनेही होतात. सहा महिन्यांनी ते यंत्र दुरुस्त कोण करणार, हे विचारणारा मात्र भेटत नाही. मग एखादा दुकानदार चोरीचे विंडोज घालून देतो, पैसे घेतो आणि आपण कायमचे त्याच्या दारात उभे राहतो. हे परावलंबन आपण किती दिवस पोसणार?

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक विहाराने एक तरुण आणि एक तरुणी या कामासाठी तयार करावी. कोणते वाण घातले, कोणते पॅकेज कसे बसविले, काय अडले आणि ते कसे सुटले, हे मराठीत एका वहीत लिहावे आणि ती वही संगणकाशेजारी ठेवावी. संस्थेचे ठराव, सभासदांच्या याद्या, जमाखर्च हे ओडीएफ या खुल्या स्वरूपात जपावेत. 2006 मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला आहे. उद्या कंपनी बदलली, प्रणाली बदलली, तरी आपला इतिहास कुलुपात अडकणार नाही.

यादीत आपले नाव नाही म्हणून परत फिरण्याची सवय आपण केव्हाच सोडली आहे. ती संगणकासमोर बसल्यावर पुन्हा कशाला धरायची? जय भीम!