वर्गातील पटसंख्या

शाळेच्या एका वर्गात किंवा तुकडीत, एका शिक्षकाच्या हाती एकाच वेळी सोपविलेल्या विद्यार्थ्यांची संख्या. शिक्षक-विद्यार्थी प्रमाण ही संज्ञा पुष्कळदा याच अर्थाने वापरली जाते. परंतु या दोहोंत भेद करणे आवश्यक आहे. शाळेतील, तालुक्यातील वा जिल्ह्यातील एकूण विद्यार्थ्यांना एकूण शिक्षकांच्या संख्येने भागले असता जे मिळते, ते प्रमाण होय. पटसंख्या मात्र प्रत्यक्ष खोलीत बसलेल्या मुलांची असते. एखाद्या जिल्ह्याचे प्रमाण समाधानकारक असूनही तेथील शहरी तुकड्यांत साठ-साठ मुले आणि दूरच्या वस्तीवरील शाळेत पाच इयत्ता मिळून दहा-बारा मुले, अशी स्थिती असू शकते. विदर्भातील यवतमाळ जिल्हा हे या विषमतेचे बोलके उदाहरण आहे.

या जिल्ह्याचे क्षेत्रफळ 13,582 चौ. किमी. असून 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 27,72,348 होती. म्हणजे दर चौ. किमी. ला सुमारे 204 माणसे. लोकसंख्येचा जेमतेम पाचवा हिस्सा नागरी आहे. यवतमाळ, पुसद, वणी, उमरखेड, दिग्रस, दारव्हा या गावांतून माध्यमिक शाळांत मुलांची गर्दी असते. याउलट केळापूर, घाटंजी, मारेगाव, झरी-जामणी या तालुक्यांतील डोंगराळ व वनप्रदेशात कोलामांचे पोड, गोंडांच्या वस्त्या, तर पुसदकडील भागात बंजाऱ्यांचे तांडे विखुरलेले आहेत. तेथील जिल्हा परिषद शाळांचा पट मुळातच लहान असतो. त्यामुळे या जिल्ह्यात पटसंख्येचा प्रश्न एक नसून दोन आहेत आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

मोठ्या वर्गाचा परिणाम प्रथम शिक्षकाच्या वेळेवर होतो. चाळीस मिनिटांच्या तासिकेत साठ मुले असली, तर प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस सेकंद येतात. हजेरी व फळ्यावरील लेखन वजा केल्यास तेवढेही उरत नाहीत. साठ वह्यांना प्रत्येकी दोन मिनिटे दिली, तरी तपासणीस दोन तास लागतात. साहजिकच शिक्षक निबंधाऐवजी गाळलेल्या जागा भरावयास देतो, प्रश्न पुढच्या दोन बाकांना विचारतो, उत्तरे सामूहिकपणे म्हणवून घेतो. विज्ञानाचा प्रयोग मुले करीत नाहीत. ती तो पाहतात. शिक्षक आळशी असतो म्हणून हे होते असे नाही; एवढ्या मुलांसमोर उभ्या असलेल्या माणसाला हाच मार्ग शक्य असतो. वर्ग शांत आहे यावरून तो चांगला चालला आहे, असा समज पर्यवेक्षकही करून घेतात; पण मागच्या बाकावरील मुलाला कोठे अडले, हे त्या शांततेत कळत नाही.

मोठा वर्ग हाताळण्याचा प्रश्न नवा नाही. पंतोजीच्या शाळेत जुनी मुले नव्या मुलांना धुळाक्षरे गिरवून घेत. मद्रासमधील अनाथालयात अँड्र्यू बेल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस अशाच देशी रिवाजावरून विद्यार्थ्यांकरवी विद्यार्थ्यांना शिकविण्याची पद्धत घेतली व ती इंग्लंडात नेली. पुढे 1929 मध्ये हारटॉग समितीने प्राथमिक शिक्षणातील गळती व स्थगन यांवर बोट ठेवून विस्तारापेक्षा गुणवत्तेवर भर देण्याचा सल्ला दिला. त्यास रा. वि. परुळेकर यांनी विरोध केला. देशातील बहुसंख्य मुले शाळेबाहेर असताना थोड्यांना उत्तम शिक्षण देत बसणे न्याय्य नाही. पाळी पद्धती अवलंबून आणि प्रत्येक शिक्षकामागे अधिक मुले देऊन शिक्षण सर्वांपर्यंत पोहोचविले पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्या काळाच्या दृष्टीने त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता. मात्र तडजोड म्हणून पुढे आलेला मोठा वर्ग नंतर नित्याचा झाला, हेही तितकेच खरे.

पटसंख्या कमी केल्याने मुले अधिक शिकतात काय, याची सर्वांत विश्वसनीय परीक्षा अमेरिकेतील टेनेसी राज्यात 1985 ते 1989 या काळात झाली. तेथील 79 शाळांत बालवर्ग ते तिसरी या इयत्तांतील मुलांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी करून काहींना 13 ते 17 मुलांच्या, तर काहींना 22 ते 25 मुलांच्या वर्गात बसविले. लहान वर्गातील मुलांची प्रगती निश्चितपणे अधिक झाली आणि गरीब व कृष्णवर्णीय मुलांना तिचा लाभ विशेष झाला. मोठ्या वर्गास केवळ मदतनीस दिल्याने मात्र फारसा फरक पडला नाही. याउलट कॅलिफोर्नियाने 1996 पासून सर्व राज्यभर वर्ग लहान केले, तेव्हा शिक्षकांची एकाएकी टंचाई होऊन अपात्र व्यक्ती नेमाव्या लागल्या व अपेक्षित लाभ हाती आला नाही.

आपल्याकडील परिस्थितीला अधिक जवळचा पुरावा मुंबई व बडोदे येथील आहे. तेथील नगरपालिकांच्या शाळांत 2001 ते 2003 या काळात ‘प्रथम’ या संस्थेच्या बालसखी उपक्रमाची तपासणी झाली. तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या 15 ते 20 मुलांना रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर नेऊन स्थानिक तरुणी त्यांना वाचन व अंकगणित शिकवीत. या मुलांची लक्षणीय प्रगती झाली. मूळ वर्गात राहिलेल्या मुलांचा वर्ग तेवढा वेळ लहान झाला होता. तरीही त्यांच्या गुणांत वाढ आढळली नाही. याचा अर्थ पटसंख्या निरर्थक असते असा नव्हे. वर्ग लहान झाल्यावर शिक्षक वेगळ्या रीतीने शिकवू लागला, मुलाच्या प्रत्यक्ष पातळीपासून आरंभ करू लागला, तरच तिचा उपयोग होतो. टेनेसीतील निष्कर्ष येथे जसाच्या तसा लागू करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावयास हवे.

कायद्याने ही संख्या 2009 च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्क अधिनियमाने बांधून दिली. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या या कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 पर्यंत तीन, असे प्रमाण असून सहावी ते आठवीसाठी दर 35 मुलांमागे किमान एक शिक्षक हवा. महाराष्ट्रात शिक्षकांची पदे संचमान्यतेने, म्हणजे पटावरील नावांच्या आधारे ठरतात. पट घटला की शिक्षक अतिरिक्त ठरतो व त्याचे अन्यत्र समायोजन होते. यातूनच पट फुगविण्याचा मोह उत्पन्न झाला. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, तेव्हा लक्षावधी नावांमागे मुलेच नसल्याचे उघडकीस आले. खऱ्या पटाचीही एक अडचण आहे. कापूसवेचणीच्या दिवसांत आईवडील शेतावर असता धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी थोरली मुलगी घरी राहते. पटावर तिचे नाव असते, वर्गात ती नसते.

पोडावरील वा तांड्यावरील लहान शाळेचे गणित निराळे आहे. पहिली ते पाचवीसाठी कायद्याने वर्षाला 200 दिवस व 800 तास अध्यापन अपेक्षित आहे, म्हणजे दिवसाला चार तास. पाच इयत्तांना एकच शिक्षक असेल, तर प्रत्येक इयत्तेच्या वाट्याला 48 मिनिटे येतात. उरलेल्या वेळी मुलांनी आपापले काम करावयाचे. मात्र हेच चार तास इयत्तेऐवजी मुलांत वाटले, तर बारा मुलांच्या शाळेत प्रत्येकास वीस मिनिटे मिळतात. साठ मुलांच्या वर्गात ती चार होतात. इयत्तानिहाय पाठ्यक्रमाला चिकटून राहिल्यास ही शाळा गैरसोयीची, पातळीनिहाय गट केल्यास सोयीची ठरते. पण बहुवर्ग अध्यापन हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि शिक्षकांचे बहुतेक प्रशिक्षण एका वर्गास एक शिक्षक हे गृहीत धरून होते.

कोलामी ही द्राविडी भाषा, गोंडीही त्याच कुळातील, तर बंजाऱ्यांची गोरमाटी आर्य कुळातील. या घरांतील मूल पहिलीत येते तेव्हा पुस्तकी मराठी त्याला परकी असते. त्याच्याशी बोलत बोलत मराठीकडे नेणे दहा मुलांत शक्य आहे, पन्नासांत नाही. या मुलांसाठी लहान वर्ग ही चैन नसून शिकण्याची पूर्वअट आहे.

लहान शाळा खर्चिक असतात, हे नाकारता येत नाही. 2017 च्या अखेरीस शासनाने दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे 1,300 शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळांत सामावून घेण्याचे ठरविले. 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या साडेचौदा हजारांहून अधिक शाळांच्या संदर्भात समूह शाळांची कल्पना पुढे आली. एकत्र केलेल्या शाळेत प्रत्येक इयत्तेला शिक्षक, ग्रंथालय व खेळाडू सवंगडी मिळतात, हा तिचा खरा लाभ होय. परंतु राज्याच्या नियमांनी प्राथमिक शाळेसाठी एक किलोमीटरचे अंतर ठरविले आहे, ते सहा वर्षांच्या मुलाची पावले मोजूनच. पावसाळ्यात नाला भरल्यावर वा रानातून वाट असल्यास दोन किलोमीटर हे अंतर नकाशावर दिसते त्याहून पुष्कळ मोठे असते आणि वाहनाची सोय एक दिवस चुकली की त्या दिवसाची शाळा बुडते. अशा वस्तीवरील शाळा मिटविताना शिक्षकामागे किती मुले पडतात, याबरोबरच त्यांपैकी किती मुले नव्या शाळेत वर्षअखेरपर्यंत प्रत्यक्ष येत राहिली, ही नोंदही ठेवणे इष्ट ठरेल.