दफ्तर कोणाच्या हाती?

दप्तर हा शब्द आपण शाळकरी मुलांच्या पाठीवर लादून मोकळे झालो. परंतु हैदराबादेत एके काळी त्याचे वजन काही निराळेच होते. निजामी अमलात महसुलाची दोन मोठी दफ्तरे असत. दफ्तर-ए-माल हे मालवाला या कायस्थ घराण्याकडे, आणि दफ्तर-ए-दिवाणी हे रायरायान या आपल्या महाराष्ट्रीय ब्राह्मण घराण्याकडे, तेही वंशपरंपरेने. कोणत्या गावचा वसूल किती, जहागीर कोणाची, सनद केव्हाची, हे त्या त्या घरच्या कागदांवरून ठरावयाचे. कॅरन लेनर्ड या अमेरिकन विदुषींनी १९७० च्या दशकात हैदराबादच्या राज्ययंत्रावर जे लिहिले, त्यात या दफ्तरदारांचे माहात्म्य चांगले उकलून दाखविले आहे. १८५३ साली पहिले सालारजंग दिवाण झाले आणि त्यांनी सरकारी खजिना व महसूल खाते नव्याने उभारले. तेव्हापासून दफ्तरदारांची मातब्बरी ओसरत गेली.

हा जुना इतिहास उगाळण्याचे कारण मलकपेठेतील एक खिडकी. ‘मी सेवा’ अशी पाटी तिच्यावर आहे. मराठी माणसास ती वाचून क्षणभर गंमत वाटते. तेलुगूत ‘मी’ म्हणजे तुमची! डिसेंबर १९९९ मध्ये जुळ्या शहरांत या प्रयोगाची सुरुवात झाली, २००१ साली त्यास ‘ई-सेवा’ हे नाव मिळाले आणि २०११ च्या नोव्हेंबरात ‘मी सेवा’ आली. विजेचे बिल एकीकडे, पाण्याचे दुसरीकडे, दाखल्यासाठी तिसरीकडे, ही पायपीट ज्यांनी केली आहे, त्यांना या खिडकीचे मोल सांगावयास नको. मलाही नको.

तथापि विद्वानांनी या यंत्रांची जी झडती घेतली आहे ती वाचली म्हणजे मन थोडे सावध होते. मँचेस्टरचे रिचर्ड हीक्स यांनी २००३ साली विकसनशील देशांतील असल्या सरकारी संगणक-योजनांचा ताळेबंद मांडला. त्यांच्या अंदाजाने १०० पैकी ३५ साफ फसल्या, ५० अर्ध्यामुर्ध्या फसल्या आणि यशस्वी ठरल्या अवघ्या १५. कारण काय? योजनेचा नकाशा आखणाऱ्याच्या डोक्यातील कचेरी एक, आणि प्रत्यक्षातील कचेरी दुसरी. या दोहोंमधील अंतर जितके मोठे, तितके अपयश मोठे.

याचा दाखला आपल्या घराजवळच आहे. १९९८ च्या नोव्हेंबरात आंध्र सरकारने दस्तनोंदणीच्या कचेऱ्यांत ‘कार्ड’ नावाची संगणक-व्यवस्था सुरू केली. प्रथमच दोनशेहून अधिक कचेऱ्या तिच्या कक्षेत आल्या. पूर्वी दस्त हाताने उतरवून घेत, त्यात दिवसच्या दिवस जात. आता काम तासाभरात होणार, दलाल हटणार, लाच थांबणार, असा डंका परदेशापर्यंत वाजला. जोनाथन केसली हे अभ्यासक मात्र खुद्द कचेऱ्यांत जाऊन बसले. २००४ साली त्यांनी आपल्या लेखाच्या मथळ्यातच या योजनेला नुसती दर्शनी भिंत ठरविले. भिंतीमागे दस्तलेखक होताच, आणि चिरीमिरीही होती.

दस्तलेखकाला एवढे खलनायक करणे मला पटत नाही. तेलुगू लिपी न वाचता येणाऱ्या आपल्या वृद्ध आत्याबाईंना, किंवा मलकपेठच्या गंजात ओझी वाहणाऱ्या हमालाला, तो अर्ज कोण भरून देणार? तो पैसे घेतो खरा, पण वाचूनही दाखवितो. यंत्राने ते काम अंगावर घेतलेले नाही.

शेतजमिनीच्या बाबतीत तर प्रकरण अधिकच अवघड झाले. आपल्यापैकी कित्येकांच्या घराण्यात पटवारगिरी होती. ती वतने १९८४ साली रामाराव सरकारने मोडली. २०२० मध्ये त्यांच्या जागी आलेले ग्राम-महसूल अधिकारीही गेले, आणि त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला ‘धरणी’ नावाचे संगणकीय दफ्तर अवतरले. नोंद चुकली असेल तर दुरुस्ती कोणाकडे मागावी, हाच लोकांचा मोठा आक्रोश होता. अखेर १४ एप्रिल २०२५ रोजी ‘भू भारती’ने धरणीची जागा घेतली.

येथे आपल्या नावांची गोष्ट सांगितलीच पाहिजे. उर्दूत ‘ळ’ नाही, इंग्रजीतही नाही, तेलुगूत आहे. म्हणून आजोबांच्या उर्दू दस्तातले ‘काले’ इंग्रजीतून तेलुगूत येताना ‘काले’च राहतात, आणि नातवाच्या शाळेच्या दाखल्यावर मात्र ‘काळे’ असतात. पटवारी हसून म्हणाला असता, ‘अहो, हे एकच घर!’ यंत्राच्या लेखी ती दोन माणसे.

सध्या घरोघर जुन्या पेट्या रिकाम्या करण्याची हौस दिसते. ‘आता सगळे ऑनलाइन आहे’ असे तरुण मंडळी सांगतात. सगळे नाही. मिळकतीवरील बोजाचा दाखला खिडकीवर मिळतो तो १ जानेवारी १९८३ पासूनच्या व्यवहारांचा. त्याआधीचे पाहावयाचे तर दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हाताने शोध घ्यावा लागतो. त्याहून जुना दस्त उर्दूत, साल फसली, महिना बहमन किंवा अस्फंदार. १३५५ फसली म्हणजे काय, तर त्यात ५९० मिळवावेत. १९४५ हे उत्तर येते. हा हिशेब जाणणारी आणि घसटलेली शिकस्त लिपी वाचणारी माणसे शहरात फार उरलेली नाहीत. आपल्या ओळखीत असा एखादा मुन्शी असेल, तर पेटी रद्दीवाल्याला दाखविण्याआधी त्यांना दाखवावी, आणि प्रत्येक कागदाच्या पाठीवर मराठीत दोन ओळी लिहून घ्याव्यात: कोणत्या घराचा, कोणत्या सालचा, कोणाच्या नावचा.