बाळ किती तासांचं?

सकाळी ७.३०

चपला बाहेर, अंगठी-घड्याळ खिशात, कोपरापर्यंत हात धुवायचे आणि मग एनआयसीयूचं (नवजात अतिदक्षता विभागाचं) दार ढकलायचं. रात्रपाळीच्या रेसिडेंटकडे इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, यादी तयार असते. इथल्या बाळांना अजून नावं नाहीत. आईच्या नावाआधी ‘बेबी ऑफ’ लावायचं. जुळी असली तर पुढे ‘ट्विन वन’, ‘ट्विन टू’. प्रत्येकाबद्दल माझा पहिला प्रश्न ठरलेला: बाळ किती तासांचं? वजन, आठवडे, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) नंतर.

आईच्या पोटात फुप्फुसांना काम नसतं. त्यांच्याकडे निघालेलं बहुतेक रक्त डक्टस नावाच्या जोडनळीतून सरळ महारोहिणीत वळतं. जन्मल्यावर बाळ रडतं, फुप्फुसं उघडतात, तिथला दाब उतरू लागतो आणि पूर्ण दिवसांच्या बाळात ही नळी साधारण दोन-तीन दिवसांत मिटते. तोवर हृदयाचा कारभार तासातासाला बदलत असतो. सहाव्या तासाला जे चित्र ठीक, तेच साठाव्या तासाला आजार ठरू शकतं.

मशीन सुरू होईपर्यंत जेलची बाटली वॉर्मरखाली ठेवते. गार जेल लागलं की बाळ दचकतं, रडतं आणि सगळी मापं बदलतात. प्रोबही वेगळा. मोठ्या माणसांना २ ते ४ मेगाहर्ट्झ पुरतात, इथं ८ ते १२ लागतात. लाटा खोल जात नाहीत, पण चित्र बारीक उमटतं. आणि इथं खोल जायचंय कुठं?

८.१५

२७ आठवड्यांचं, ९६० ग्रॅमचं बाळ. वय ६४ तास. हृदय मोठ्या बोराएवढं. व्हेंटिलेटरवरचा ऑक्सिजन रात्रीपासून वाढवावा लागतोय.

प्रोब धरताना करंगळी गादीवर टेकवायची. हाताचा भार छातीवर जाता कामा नये. माझी नजर पडद्यावर, सिस्टरची मॉनिटरवर. ती ‘मॅडम, थांबा’ म्हणाली की चित्र मिळालेलं असो-नसो, हात उचलायचा.

डक्टस उघडी आहे, २.२ मिलिमीटर. डावा वरचा कप्पा महारोहिणीच्या १.८ पट. पोटातल्या महारोहिणीत दोन ठोक्यांच्या मधे रक्त उलटं फिरतंय. रेसिडेंट मात्र खूश: ‘‘मॅडम, ईएफ ७२. फंक्शन छान!’’ ईएफ म्हणजे डावा खालचा कप्पा एका ठोक्याला आपल्यातलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो तो आकडा. ७२ उत्तमच. पण टाकलेल्या रक्तातला मोठा वाटा डक्टसमधून फुप्फुसांत परततोय. आतडी आणि मूत्रपिंडं उपाशी. हृदय जोरात आकुंचन पावतंय ते या दुप्पट कामामुळे.

डक्टस मिटवायचं औषध द्यायचं का, यावर नवजात तज्ज्ञांशी बोलणं होतं. पूर्वी डक्टस दिसली की औषध सुरू व्हायचं. युरोपातली बेनेडक्टस चाचणी २०२३ मध्ये आणि ब्रिटनमधली बेबी-ऑस्कर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. लवकर, सरसकट औषध देण्याचा फायदा दोन्हींत दिसला नाही. म्हणून आता नळीचं नुसतं माप पाहत नाही, बाळाला ती किती महागात पडतेय ते पाहतो. या बाळाचा ऑक्सिजन वाढतोय, लघवी कमी झालीय. नळी मिटवायला पॅरासिटॅमॉल सुरू करायचं ठरतं.

९.४५

पूर्ण दिवसांचं, ३ किलोचं, १४ तासांचं. पोटातच शी केलेली, ती फुप्फुसांत गेलेली. उजव्या हाताचं सॅच्युरेशन ९२, पायाचं ८०. फुप्फुसांतला दाब जन्मानंतर उतरलेलाच नाही, त्यामुळे डक्टसमधून काळं रक्त खालच्या अंगाकडे निसटतंय.

उजव्या बाजूच्या झडपेतून मागे येणाऱ्या धारेचा वेग सेकंदाला ३.५ मीटर. त्यावरून दाब काढता येतो: वेगाचा वर्ग गुणिले ४, म्हणजे ४९. त्यात वरच्या कप्प्याचा दाब ५ धरला की ५४. बाळाचा वरचा रक्तदाब ५२. म्हणजे उजवं हृदय अख्ख्या शरीराच्या दाबाहून जास्त दाबाविरुद्ध लढतंय. मधला पडदा डावीकडे ढकलला गेल्यानं डावा कप्पा गोल दिसायचा तो चपटा दिसतो. पडदाच वाकडा हलत असताना एका रेषेवर घेतलेली एम-मोडची मापं फसवतात, म्हणून ती घेत नाही. उजव्या झडपेची कड ठोक्यागणिक सुमारे ९ मिलिमीटर सरकायला हवी, इथं ६.

ईएफ इथंही बरी, ६५. पण फुप्फुसांतून रक्तच कमी येतंय; रिकामा कप्पा पिळून काढायला ताकद लागत नाही. म्हणून बाहेर पडणारं रक्त मोजते. महारोहिणीचा व्यास, त्यातून ठोक्यागणिक सरकणारा रक्ताचा स्तंभ, ठोक्यांची संख्या, वजन. उत्तर: मिनिटाला किलोमागे ११३ मिलिलिटर. १५०च्या खाली काळजी. फुप्फुसांतला दाब उतरवायला नायट्रिक ऑक्साइड सुरू होतं.

११.००

ओपीडी. दारावर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी. इकोचं मशीनही गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या कायद्याखाली नोंदवलेलं. आज राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून पाठवलेली मुलं आहेत. २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झालेल्या या योजनेची पथकं अंगणवाड्यांत जाऊन मुलं तपासतात.

सहा आठवड्यांचं बाळ आजीच्या मांडीवर. जन्माचं वजन २.९ किलो, आज ३.१. ‘‘दूध ओढता ओढता दमतंय, मॅडम. कपाळ ओलंचिंब होतंय,’’ आजी सांगते. तिनं अर्धं निदान केलंच आहे. आई पदराआड पाजते, बाळ पेंगतं आणि मांडीवरच इको होतो. झोपेचं औषध शेवटचा पर्याय.

खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात मोठं छिद्र. जन्मल्यावर डॉक्टरांनी तपासलं तेव्हा काही ऐकू आलं नव्हतं, अशी आईची तक्रार. तेव्हा ऐकू येणं अवघडच होतं. पहिल्या दिवसांत दोन्ही बाजूंचा दाब जवळपास सारखा असतो, छिद्रातून फारसं रक्त जात नाही. काही आठवड्यांत फुप्फुसांतला दाब उतरतो आणि मग तिकडे लोंढा सुटतो. ईएफ ७०, आणि तरीही हे हार्ट फेल्युअर. लहान छिद्रं बरीचशी आपोआप बुजतात. हे बुजणारं नाही. लघवीचं औषध, जास्त उष्मांकाचं दूध, आणि काही महिन्यांत शस्त्रक्रिया.

दुपारी २.००

डबा अर्धा होतो तोच वॉर्डातून निरोप. तीन महिन्यांचं बाळ, सकाळी झटका आला, छातीच्या एक्स-रेत हृदय मोठं. डावा कप्पा फुगलेला, जेमतेम हलतोय. ईएफ २४, आजचा सगळ्यांत वाईट आकडा. वडील पडद्याकडे बघत विचारतात, ‘‘बदलावं लागेल का हो हृदय?’’

अशा वेळी ‘स्नायूच कमजोर’ असं लिहून मोकळं होता येत नाही. आधी डावी करोनरी धमनी कुठून निघते ते शोधायचं. ती चुकून फुप्फुस धमनीतून निघत असेल तर स्नायू उपाशी राहतो, आणि शस्त्रक्रिया हाच इलाज. नुसती दिसली म्हणून भागत नाही. कलर डॉप्लरचा वेग कमी करून रक्त महारोहिणीकडून आत जातंय याची खात्री करते. मग मानेच्या खळगीतून महारोहिणीची कमान पाहते. कुठं आखडलेली नाही ना? दोन्ही ठीक. ईसीजीत क्यूटी हे अंतर लांबलेलं. झटका आणि क्यूटी दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. रक्तातलं कॅल्शियम ५.४, साडेआठच्या आसपास तरी हवं.

आईला ड जीवनसत्त्वाची कमतरता, आईच्या दुधात ते मुळात कमीच, आणि बाळाला थेंब कधी दिलेले नाहीत. कॅल्शियमशिवाय स्नायू आकुंचन पावत नाही, हृदयाचाही नाही. सलाइनमधून कॅल्शियम सुरू होतं, सोबत ड जीवनसत्त्व. असं हृदय बहुधा काही आठवड्या-महिन्यांत पूर्ववत होतं. वडिलांना हेच सांगते: बदलायचं नाही, भरून काढायचंय.

४.३०

पुन्हा एनआयसीयू. सकाळचं १४ तासांचं बाळ आता २१ तासांचं. उलट्या धारेचा वेग २.७, म्हणजे दाब सकाळच्या सुमारे दोन-तृतीयांशावर आला. बाहेर पडणारं रक्त किलोमागे १६५. ईएफ? सकाळइतकीच, ६५.

६.१५

तालुक्याच्या गावातून बालरोगतज्ज्ञांचा फोन. ४० तासांचं बाळ, दुपारपर्यंत नीट पीत होतं, आता मलूल. उजव्या हाताला ९८, पायाला ८९. जांघेतली नाडी लागत नाही. महारोहिणी आखडलेली असणार, आणि खालच्या अंगाला रक्त पुरवणारी डक्टस मिटत चाललीय. माझं मशीन रुग्णालयाच्या पत्त्यावर नोंदलेलं. गाडीत टाकून नेता येत नाही. त्याची गरजही नाही; आधी डक्टस उघडी ठेवणारं औषध हवं. ‘‘इकोसाठी थांबू नका, प्रोस्टाग्लँडिन आत्ता सुरू करा. श्वास थांबू शकतो, अँब्युलन्समध्ये बॅग-मास्क हाताशी ठेवा.’’

रात्री ९.३०

बाळ पोचलं. कमान आखडलेली, पण डक्टस पुन्हा रुंदावलीय आणि पाय गरम आहेत. शस्त्रक्रियेपर्यंत आता वेळ मिळाला.

आज ईएफ ७२, ७० आणि ६५ असलेली बाळं आजारी होती, आणि २४वालं बहुधा पूर्ण बरं होईल. तेव्हा रिपोर्टवरच्या एका आकड्यावर हरखू नका, खचूही नका. बाळाचं वय आणि कारण धरून त्याचा अर्थ डॉक्टरांना विचारा. आणि घरात बाळ येणार असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. जन्मानंतर २४ तास उलटल्यावर, घरी सोडण्याआधी, उजव्या हाताला आणि एका पायाला ऑक्सिमीटर लावायला सांगा. दोन्हीकडे ९५ किंवा जास्त हवं, आणि फरक ३ हून जास्त नको. आणि पहिलं वर्षभर ड जीवनसत्त्वाचे ४०० युनिट रोज, न चुकता.