वाटाघाटी, तह आणि उधारी: ‘सिव्हिलायझेशन’ गेममधून धंद्याचे चार धडे



या वेळचा व्हिडिओ बघून बऱ्याच जणांनी विचारलं, “सर, धंद्याच्या चॅनेलवर कॉम्प्युटर गेम कशाला?” प्रश्न बरोबर आहे. व्हिडिओत वेळ कमी होता, म्हणून इथे नीट सांगतो.

सिड मायर यांचा ‘सिव्हिलायझेशन’ हा गेम पहिल्यांदा १९९१ मध्ये आला. आपण बोलतोय त्याच्या सहाव्या भागाबद्दल, तो २०१६ चा. प्रत्येक खेळाडूकडे एक देश. शहरं वसवायची, शेती-खाणी चालवायच्या, शोध लावायचे. सगळं टर्न-टर्नने चालतं. भारत घेतलात तर नेते म्हणून गांधीजी किंवा चंद्रगुप्त मिळतात. (मराठे नाहीत, ही आपल्याकडच्या पोरांची कायमची तक्रार!)

एकट्याने खेळलात तर समोर कॉम्प्युटर असतो. त्याचं गणित चार दिवसांत कळतं. पण मल्टिप्लेयरमध्ये समोर माणसं बसतात, आणि तिथे लढाईपेक्षा सौद्याची खिडकी जास्त वेळ उघडी राहते. काही ग्रुप तर ‘रोल-प्ले’ करतात. म्हणजे स्वतःच्या नावाने बोलायचंच नाही, आपल्या देशाचा प्रतिनिधी म्हणून बोलायचं, तसाच तह करायचा. तुम्ही उद्या सप्लायरसमोर बसणार आहात ना, त्याची इतकी स्वस्त प्रॅक्टिस दुसरी नाही.

धडा १: तुमचा दुसरा नग दुसऱ्याचा पहिला असतो

गेममध्ये चहा, रेशीम, मीठ, मसाले अशा चैनीच्या वस्तू असतात. एका वस्तूचा एक साठा तुमच्या चार शहरांना खूश ठेवतो. पण त्याच वस्तूचा दुसरा साठा तुम्हाला काहीच देत नाही. चहाचे तीन मळे असले तरी फायदा एकाच मळ्याचा.

आता शेजाऱ्याकडे रेशमाचे दोन साठे आहेत आणि चहा अजिबात नाही. तुमचा जास्तीचा चहा त्याला, त्याचं जास्तीचं रेशीम तुम्हाला. कोणाचंच काही गेलं नाही आणि दोघांची शहरं खूश झाली. नवखा खेळाडू विचारतो, “मला काय हवंय?” मुरलेला खेळाडू आधी बघतो, “माझ्याकडे बिनकामाचं काय पडलंय, आणि ते कोणाला हवंय?”

आता दुकानात या. माझं स्वारगेटला पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. वाई, सातारा, भोरकडचे गिऱ्हाईक एसटीने येतात. त्यांच्याशी मी बॉक्समागे चार आणे कमी-जास्त करत बसलो तर माझं मार्जिन जातं आणि त्यांचं समाधानही होत नाही. कारण त्यांची खरी अडचण भावाची नाहीच, परतीची गाडी चुकण्याची आहे. मला सकाळी दुकान उघडल्या उघडल्या मोकळा वेळ असतो, त्या वेळात माल बांधून ठेवायला जवळजवळ काही खर्च येत नाही. मग सौदा असा: “आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर ऑर्डर टाका, माल बांधून तयार मिळेल, पैसे रोख.” माझा मोकळा वेळ हा माझा दुसरा नग. त्यांच्यासाठी तोच पहिला.

धडा २: उधारी म्हणजे कागदावर न लिहिलेला तह

हा धडा सगळ्यात महत्त्वाचा, सावकाश वाचा.

गेममध्ये एक सौदा सारखा समोर येतो. शेजारी म्हणतो, “मला आत्ता ३०० सोनं दे, मी दर टर्नला १२ देईन, ३० टर्न.” हिशेब करा. १२ गुणिले ३०, म्हणजे ३६०. साठ सोन्याचा नफा! नवा माणूस लगेच हो म्हणतो.

पाच टर्न पैसे येतात. सहाव्या टर्नला शेजारी युद्ध पुकारतो. गेमचा नियम असा की युद्ध सुरू झालं की दोघांमधले चालू सौदे रद्द. तुमच्याकडे आले ६०, गेले ३००. म्हणजे २४० बुडाले, आणि वर त्याच पैशातून उभं केलेलं सैन्य तुमच्याच दारात. तक्रार कुठे करणार? कोर्ट नाही, पोलीस नाही.

आपल्याकडे म्हण आहेच, उधारीचं पोतं सव्वा हात रितं. पण नुसती म्हण सांगून धंदा होत नाही. उधारी द्यावीच लागते. मग अनुभवी खेळाडू काय करतात ते बघा:

१. आधी मैत्री, मग पैसे. गेममध्ये दोन देश मैत्री जाहीर करू शकतात. ती मैत्री चालू असेपर्यंत एकमेकांवर युद्ध पुकारताच येत नाही. म्हणून पैसे द्यायच्या आधी ती करून घ्यायची. दुकानात याचा अर्थ: पहिली उधारी देण्याआधी दोन-तीन रोख व्यवहार, जीएसटी नंबर, दुकान प्रत्यक्ष बघून येणं.

२. तुकडे पाडा. एकदम ३०० नाही. आधी १००. दहा टर्न पैसे नीट आले की पुढचे १००. धंद्यात: मागचं बिल मिटल्याशिवाय पुढचा माल नाही.

३. दोन्ही बाजूंनी माल चालू ठेवा. चहा-रेशमाच्या सौद्यात दोघांचा माल बरोबरीने जात-येत असतो. कोणी मोडला तर दोघांचा एकदम थांबतो, कोणाचं कोणाकडे काही अडकत नाही. जमेल तिथे डिलिव्हरी आणि पेमेंट असंच जोडा.

बुडालेली उधारी भरून काढायला किती धावावं लागतं ते आकड्यात बघा. विक्रीवर १० टक्के मार्जिन आहे आणि ५०,००० चा माल बुडाला. तुमच्या खिशातून गेले ४५,०००. ते परत मिळवायला आणखी ४,५०,००० ची विक्री करावी लागेल, आणि तेवढ्या विक्रीत नफा शून्य. नव्या दुकानाचं पहिलं वर्ष अशा एका गिऱ्हाइकापायी जाऊ शकतं.

“पण सर, कायदा आहे ना?” आहे. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाने माल किंवा सेवा दिली तर खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. उशीर केला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. तुम्ही काही बनवत असाल किंवा सेवा देत असाल तर उद्यम नोंदणी आजच करून घ्या. पण नुसता व्यापार असेल, म्हणजे माल घेऊन विकत असाल, तर नीट ऐका: जुलै २०२१ पासून व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी मिळते, पण ती प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. ४५ दिवसांचं हे संरक्षण त्यात येत नाही. दुकानदाराला आपला तट आपणच बांधावा लागतो.

धडा ३: कोणतं कलम द्यायचं, कोणतं अडवायचं

यासाठी गेम बाजूला ठेवून रायगडावर जाऊ. जून १६७४, राज्याभिषेकाचे दिवस. ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन गडावर आला होता. तेव्हा वकील म्हणजे कोर्टातला नव्हे, राजाचा किंवा कंपनीचा बोलणी करणारा माणूस. इंग्रजांच्या मोठ्या मागण्या चार: १६६१ मध्ये लुटलेल्या राजापूरच्या वखारीची भरपाई, अडीच टक्के जकातीवर व्यापाराची मोकळीक, त्यांची नाणी स्वराज्यात चालावीत, आणि किनाऱ्याला लागलेल्या फुटक्या जहाजांचा माल त्यांना परत मिळावा.

महाराजांची उत्तरं धंद्याच्या नजरेने वाचा. व्यापाराला होकार, कारण बंदरं चालली तर जकात येणार, फायदा दोघांचा. भरपाई मान्य, पण सगळी रोख थैली नाही. ती माल आणि जकातीची सूट यांतून फेडायची तजवीज ठरली. म्हणजे भरपाई हवी तर इंग्रजांनी व्यापाराला परत यायचं. नाण्यांबाबत भूमिका अशी की नाण्यात जेवढी धातूची किंमत तेवढ्यालाच ते चालेल, रयतेने तोट्यात घ्यावं अशी सक्ती नाही. आणि फुटक्या जहाजांचं कलम सहज सोडलं नाही. एकाला दिलं की फ्रेंच, डच सगळेच मागायला येणार.

हे शेवटचं लक्षात ठेवा. काही सवलती एका गिऱ्हाइकापुरत्या असतात, काही सवलती पायंडा पाडतात. “फक्त तुम्हाला म्हणून” दिलेला रेट संध्याकाळपर्यंत अख्ख्या लाइनीत पोचतो.

आणि हो, भरपाईची वसुली पुढे रेंगाळली, इंग्रजांचा तगादा चालूच राहिला. ज्याला बंदर हवं होतं त्याला घाई होती, ज्याच्याकडे बंदर होतं त्याला नव्हती. उधारी वसूल करायला जाताना तुम्ही यातले कोण आहात ते आधी ओळखा.

धडा ४: शेवटची टर्न कोणाला कळू देऊ नका

अमेरिकेत १९५९ मध्ये ॲलन कॅलहॅमर यांचा ‘डिप्लोमसी’ हा बोर्ड गेम बाजारात आला. त्यात सात सत्ता, सगळे एकमेकांशी बोलतात, मग आपापल्या चाली गुपचूप लिहून एकदम उघडतात. दिलेला शब्द पाळायची सक्ती नाही. तरी त्यात आणि सिव्हिलायझेशनच्या नेहमीच्या ग्रुपमध्ये बरेच शब्द पाळले जातात, कारण पुढच्या चालीला आणि पुढच्या रविवारी तीच माणसं समोर असतात. धोका कधी वाढतो? खेळ संपत आला की. पुढे भेट नाही म्हटल्यावर शब्दाची किंमत उतरते.

मराठीत ‘पत’ हा शब्द बघा. उधारी मिळण्याची ताकद म्हणजेही पत, आणि बाजारातलं नाव म्हणजेही पत. रविवार पेठेतला घाऊक व्यापारी नव्या माणसाला माल देण्याआधी ओळखीच्या दोघांना फोन लावतो, तो हीच पत तपासतो. म्हणून ज्या गिऱ्हाइकाचं येणं अचानक कमी झालंय, जो दुकान हलवतोय, जो नेहमीच्या दुप्पट माल उधारीवर मागतोय, तिथे थांबा. कदाचित त्याची शेवटची टर्न चालू असेल.

कॉम्प्युटर नसला तरी हा खेळ खेळा

आमच्या बॅचमध्ये मी तो चिठ्ठ्यांवर घेतो. चार जण आणि एक पंच लागतो.

– चार प्रांत: कोकण (नारळ), देश (गूळ), खानदेश (केळी), वऱ्हाड (कापूस).
– दर फेरीला प्रत्येकाला आपल्या मालाच्या फक्त ३ चिठ्ठ्या. वेळ ८ मिनिटं.
– चारही मालांची एकेक चिठ्ठी जमली तर १० गुण. नाही जमली तर प्रत्येक वेगळ्या मालाला १ गुण. जास्तीच्या चिठ्ठ्यांना शून्य.
– फेरी संपली की पंच गुण लिहून चिठ्ठ्या परत घेतो.
– पुढच्या फेरीचं वचन देता येतं. पाळायची सक्ती नाही.
– किती फेऱ्या होणार हे फक्त पंचाला माहीत.

गंमत कुठे आहे? एका फेरीत चिठ्ठ्या बारा, म्हणजे पूर्ण संच तीनच. चौथ्याला थांबावंच लागतं. “या फेरीला तुझा कापूस दे, पुढच्या वेळी माझा नारळ आधी तुला.” झाली उधारी सुरू! दोन-तीन फेऱ्यांनी कोणाला कोणी विचारत नाही ते बघा. मग एकदा फेऱ्यांचा आकडा आधी सांगून खेळा आणि शेवटच्या फेरीत काय होतं ते बघा.

आणि रोल-प्ले सोडू नका. जी ताई स्वतःच्या नावाने “नाही जमणार” म्हणायला लाजते, ती वऱ्हाडची वकील म्हणून ठणकावून नाही म्हणते. वकिलाकडे आणखी एक सोय असते: “दरबारात विचारून सांगते.” दुकानात त्यालाच “पार्टनरशी बोलून उद्या सांगते” म्हणतात. जागेवर हो म्हणायचं बंधन कोणावरही नाही.

या आठवड्याचा गृहपाठ: उधारीच्या वहीतले सगळ्यात मोठे तीन गिऱ्हाईक काढा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: त्याला माझ्याकडून काय हवंय, माझं त्याच्याकडे किती अडकलंय, आणि त्याने उद्या येणं बंद केलं तर माझ्या हातात काय उरतं. तिसरा रकाना रिकामा राहिला तर पुढचा माल पाठवायच्या आधी त्याला फोन करा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. विषय आहे, सप्लायरकडून पहिली उधारी कशी मिळवायची.