हायड्रोपोनिक्सच्या बादलीतलं पाणी किती गार हवं?

घरात लेट्यूस, बेसिल लावणाऱ्यांनो, खतांचं द्रावण मोजून घालता ना? तसंच पाण्याचं तापमानही रोज मोजा. 18 ते 22 अंश सेल्सिअस उत्तम. गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो: 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, 30 अंशांना साधारण साडेसात. शिवाय उष्णतेनं मुळांचं श्वसन वाढतं, म्हणजे पुरवठा घटतो तेव्हाच गरज वाढलेली असते. अशा वेळी मुळं कुजवणारा पिथियम हा रोगजंतू फोफावतो. पांढरीशुभ्र मुळं तपकिरी, बुळबुळीत होतात.

मोठा एअर पंप आणला की झालं, असं पुष्कळांना वाटतं. नाही होत. पाण्यात किती प्राणवायू मावेल हे तापमान ठरवतं. पंप फार तर त्या मर्यादेपर्यंत नेतो. म्हणून आधी पाणी गार करा. बादलीला थर्माकोल गुंडाळा, दिव्याची धग तिच्यावर येऊ देऊ नका. विदर्भातल्या मे महिन्यात एवढ्यानं भागणार नाही. तिथे पाणी गोठवलेली बंद बाटली आत सोडा. सुटा बर्फ मात्र नको, द्रावण पातळ होतं.

पंप पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगा. तो खाली असेल तर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं पंपात शिरतं. जागाच नसेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, अगदी स्वस्तात मिळतो. वीज वारंवार जात असेल तर मत्स्यालयाच्या दुकानातला बॅटरीवरचा पंप जवळ असू द्या. आणि बुडबुडे मंदावले तर नवा पंप घेण्याआधी नळीच्या टोकाचा सच्छिद्र दगड, म्हणजे एअर स्टोन तपासा. क्षार साचून त्याची छिद्रं बुजतात.